खोगीरभरती

आमच्या हॉस्टेलवर मला माझ्या नावानं फारसं कोणी ओळखत नाही. ‘घोडेवाला’ म्हणा, डी ब्लॉकमधला कोणीही माझी रूम दाखवेल. पहिल्या वर्षी सीनियर्सनी इंट्रो घेताना विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "माथेरानला घोडे आहेत आमचे." "अरे वा! स्टड फार्म?" "नाही, दोन तट्टं आहेत. टूरिस्टना फिरवतात." झालं! त्या दिवसापासून व्हायवाला ‘हॉर्सपॉवर म्हणजे काय?’ हा प्रश्न आला की अख्खी बॅच माझ्याकडे बघते. (७४६ वॅट. एवढं एक उत्तर मला झोपेतही येतं.)

तर मित्रांनो, ही गोष्ट त्या दोन तट्टांपैकी एकाची. नाव बिजली. नावावर जाऊ नका. आमच्या मेसचा वाढपी आणि बिजली यांची शर्यत लावली तर पैज वाढप्यावर लावावी, असा तिचा वेग. पण आमच्या घराला तिचा हा मंदपणाच पोसत होता. दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरलेल्या आईबापांना आपल्या पाच-सहा वर्षांच्या पोरासाठी असंच जनावर हवं असतं. माथेरानला पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दस्तुरीच्या पुढे येत नाहीत, अँब्युलन्स सोडून. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. मग पायी चला, मिनी ट्रेन बघा, नाहीतर घोडा. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षाही प्रयोग म्हणून सुरू झाल्या, तेव्हापासून घोडेवाल्यांना एकेक भाडं मोलाचं झालंय. त्यात ‘लहान मुलांसाठी शांत घोडी’ म्हटलं की आमच्या बाबांचा नंबर लागायचा. बारा वर्षांत बिजलीनं कोणाला पाडलं नव्हतं, की कोणावर दात काढला नव्हता. बाबांच्या हातात चाबूक असायचा, पण तो माश्या हाकलायला!

सेकंड इयरच्या दिवाळीत मला घरी काहीतरी ‘न्यावं’ असं वाटलं. मेसचा रिबेट मिळाला होता, चारशे-पाचशे रुपये हातात होते. रविवारी रूममेटबरोबर जुन्या बाजारात गेलो. (तो मल्टिमीटर शोधत होता. मिळाला, पण चालला नाही. ती गोष्ट वेगळी.) तिथे एका ढिगाऱ्यात ती दिसली. हिरव्या जाड कॅनव्हासची, आतून लोकरीचं अस्तर, पितळी बकला, पोटाखालून बांधायचे दोन पट्टे. घोड्याची झूल! विकणारा म्हणाला, "रेसच्या घोड्याची आहे साहेब, असली माल." मला ते आयएसआयच्या शिक्क्यासारखं वाटलं. साडेचारशे रुपये मोजले आणि ते धूड खांद्यावर टाकून कर्जतमार्गे नेरळ गाठलं. वाटेत टीसीनं विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "घोडीचं स्वेटर." तो तिकीट न बघताच पुढे गेला.

आजी म्हणाली, "घोड्याला कशाला रे झूल? देवानं केस दिलेत की." खरं सांगायचं तर प्रश्न तिथेच संपायला हवा होता. थंडी वाजली की घोड्याच्या अंगावरचे केस उभे राहतात, त्यांत हवा अडकते आणि ऊब टिकते. त्यावर जाड कापड टाकलं की ते केस दाबले जातात. ज्या घोड्यांचे केस थंडीत कातरून टाकतात, जी म्हातारी किंवा आजारी आहेत, त्यांना झुलीची खरी गरज. आमची बिजली म्हणजे धडधाकट, हिवाळ्यात अस्वलासारखी केसाळ. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आजीला ‘तुला नाही कळायचं’ अशा नजरेनं पाहिलं. एम-टू नुकताच सुटला होता, त्यामुळे जगातलं सगळंच कळत होतं.

झूल बिजलीच्या अंगावर टाकली आणि ती पाठीवरून मागे घसरली. साहजिक आहे. रेसचा घोडा पंधरा-सोळा हँड उंच. बिजली तेरा हँड. एक हँड म्हणजे ४ इंच, म्हणजे फरक जवळपास फुटाचा. उंचीचं सोडा, झुलीचं माप घेतात ते छातीच्या मध्यापासून शेपटीच्या बाजूला मांडीच्या टोकापर्यंत. त्या हिशोबानं हिला साधारण सव्वापाच फुटांची झूल लागली असती. मी आणली होती सहा फुटांच्या वरची. पण इंजिनिअर असा थोडीच हरतो! मी ‘डिझाइन मॉडिफिकेशन’ केलं. कंपासच्या टोकानं आणि हातोडीनं छातीच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली आणि पट्टा ओढून घट्ट केला. पुढची किनार जिथे बसत होती तिथे आजीच्या जुन्या शालीची घडी आतून शिवली, टोचू नये म्हणून. झूल जागेवर राहिली. मोबाईलवर फोटो काढला, हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री उठून दोनदा गोठ्यात जाऊन आले. मुलानं पुण्याहून आणलेली झूल बघायला.

सुट्टी संपली, मी परत आलो. पुढचं सगळं फोनवर.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "बिजली खोगीर चढवताना कान पाडायला लागलीय." कान मागे पाडणं म्हणजे घोड्याची पहिली वॉर्निंग. मग म्हणाले, तंग आवळताना मान वळवून दात दाखवते. मग म्हणाले, उतारावर चालत नाही, पावलं आखडती टाकते. खरारा करताना खांद्याजवळ हात नेला की कातडी थरथरवते. बाबांनी सगळे नाल बघून घेतले, दात बघितले. खोगिराखाली काही टोचत असेल म्हणून उलटंपालटं करून पाहिलं. काही सापडेना, तेव्हा त्यांनी खोगिराखाली आणखी एक कांबळं घातलं. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण सबमिशनच्या वेळी रोज वापरतो. जर्नलची पानं वाढवायची असली की खोगीरभरती! पण मूळ खोगीरभरती म्हणजे खोगिरात कोंबायचा पेंढा, कापूस, चिंध्या. आमच्या घरी ती अक्षरशः चालू होती. झुलीखाली शालीची, खोगिराखाली कांबळ्याची. आणि घोडी दिवसेंदिवस बिघडत होती.

मी त्या वेळी काय करत होतो? थिअरी ऑफ मशिन्सची शीटं पूर्ण करत होतो. कानाला फोन, हातात पेन्सिल. मी बाबांना म्हणालो, "लाड फार झालेत तिचे. जरा धाक दाखवा." हे वाक्य मी कसं म्हणालो, कुठे बसून म्हणालो, शीटवर तेव्हा कुठली रेघ चालली होती, हे सगळं मला आजही जसंच्या तसं दिसतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दस्तुरीला एका सात वर्षांच्या मुलीला बाबांनी बिजलीवर बसवलं. बसवल्याबरोबर बिजलीनं पाठ उचलली. मुलगी लाल मातीत पडली. नशीब म्हणजे कोपर खरचटण्यावर भागलं. मुलीचा बाप ओरडला, बघे जमले, दोघातिघांनी मोबाईल काढले. आणि बाबांनी, त्या सगळ्यांसमोर, बिजलीला मारलं.

हे मला बाबांनी सांगितलं नाही. वीस डिसेंबरला घरी पोचलो तेव्हा आजीनं सांगितलं. "तुझ्या बापानं तिला मारलं. आणि त्या रात्री जेवला नाही." बिजली गोठ्याच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी होती. मी "बिजले" म्हणून हाक मारली तर एक कान हलला, बस्स. एरवी ती माझा खिसा हुंगायला यायची. दुसरी बातमी अशी की कल्याणच्या एका माणसाचा फोन येऊन गेला होता. तो लग्नाच्या वरातीसाठी घोडे घेतो. बँड, फटाके, डोक्यावर लाइटांची झुंबरं आणि पाठीवर शेरवानीतला नवरदेव. तो सोमवारी बघायला येणार होता. बाबा म्हणाले, "लहान मुलांच्या खाली आता नाही ठेवता येणार तिला. एकदा पाडलं ते पुन्हा पाडेल." ते चूक बोलत नव्हते. आमचं पोट त्याच भरवशावर चालत होतं.

रविवारी घोड्यांचं तपासणी शिबिर होतं. बाबा ‘काय दाखवायचं, स्वभावाला औषध नसतं’ म्हणत होते, पण आजीनं धरून पाठवलं. पशुवैद्य मॅडम तरुण होत्या, आमच्या फायनल इयरच्या मुलींएवढ्या दिसत होत्या. त्यांनी खोगिराकडे पाहिलंसुद्धा नाही आधी. बिजलीच्या मानेपासून शेपटीपर्यंत दोन बोटांनी हळूहळू दाबत गेल्या. मान संपून पाठ सुरू होते तिथे घोड्याला हाडाचा उंचवटा असतो. पुस्तकात त्याला विदर्स म्हणतात. मणक्यांची उंच टोकं आणि त्यावर जेमतेम कातडी, मांस जवळजवळ नाहीच. तिथे बोट टेकताच बिजलीची पाठ चार इंच खाली गेली. मॅडमनी केस फुंकर मारून बाजूला केले. जखम नव्हती. आयाळीच्या शेवटी थोडे केस तुटलेले, कातडी गरम आणि किंचित सुजलेली. दोन्ही खांद्यांच्या टोकांवर केस घासून मखमलीसारखे झालेले. "हे खोगिरानं नाही झालं," त्या म्हणाल्या. "खोगीर खांद्यांच्या टोकाला लागतच नाही. रात्री अंगावर काय घालता?"

बाबा कौतुकानं म्हणाले, "झूल आहे ना मॅडम. मुलानं आणली पुण्याहून."

मी घरी जाऊन झूल आणली. तेवढं अंतर चालताना मला सगळं समजलेलं होतं असं म्हणायला आवडेल, पण तसं काही नाही. झूल चांगलीच आहे, असंच मला वाटत होतं.

मॅडमनी ती बिजलीच्या अंगावर नेहमीसारखी बांधायला लावली. मग मला म्हणाल्या, "पुढची किनार कुठे यायला हवी? या उंचवट्याच्या पुढे, मानेवर. कुठे आलीय?" बरोबर उंचवट्यावर आली होती. "आता हात घाला खाली, सपाट." चार बोटं कशीबशी गेली. "राहू द्या तिथेच." आणि त्यांनी मूठभर गवत बिजलीच्या पायाशी टाकलं.

बिजलीनं मान खाली घातली. झूल ताणली गेली आणि माझी बोटं हाड आणि किनार यांच्या मध्ये अडकली. घोड्यानं मान खाली घातली की खांदे पुढे सरकतात आणि छातीचा पट्टा, पोटाचे पट्टे, सगळं मिळून झूल मागे-खाली ओढतं. उभ्या घोड्यावर झूल ठीक दिसते ती यामुळेच फसवी. बिजलीनं दोन काड्या उचलल्या आणि मान वर घेतली. पुन्हा खाली. पुन्हा वर. तेव्हा आजीला आठवलं, "अगं बाई, म्हणून ही सकाळी खालचं गवत टाकून द्यायची. टांगलेल्या घमेल्यातली चंदी तेवढी संपवायची." आम्हाला वाटलं होतं, घोडी खाण्यातही नखरे करते.

मी हात काढला नाही. पाच मिनिटं ठेवला. मॅडम दुसऱ्या घोड्याकडे गेल्या होत्या. बोटं आधी दुखली, मग मुंग्या आल्या, मग बधिर झाली. बाहेर काढली तेव्हा शिवणीचा वळ उमटला होता. माझी पाच मिनिटं. तिच्या अंगावर झूल संध्याकाळी सहाला चढायची आणि सकाळी सातला उतरायची. दिवाळीपासून रोज.

रात्री झोप येईना म्हणून मी गणित मांडलं. आपल्याला तेवढंच येतं. दवानं ओलसर झालेली झूल पाच किलो धरा. ती जर अर्ध्या चौरस मीटर पाठीवर सारखी पसरली तर दाब येतो पाऱ्याच्या एका मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे काहीच नाही. पण किनार उंचवट्यावर अडकली, आणि निम्मंच वजन ४० चौरस सेंटिमीटरवर आलं तर? ४६ मिलिमीटर. पट्ट्यांची ओढ यात धरलेलीच नाही. माणसाच्या केशवाहिन्यांतला दाब १९३० साली लँडिस नावाच्या संशोधकानं मोजला होता, तो सुमारे ३२ मिलिमीटर आला. बाहेरून त्याहून जास्त दाब तासन्‌तास राहिला तर तिथलं रक्त पोचणं मंदावतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पाठीला जखमा होतात त्या याच कारणानं, आणि म्हणून नर्स दर दोन तासांनी कूस बदलायला लावतात. बिजलीची कूस कोण बदलणार? घोड्याला पस्तीस रुपयांच्या कुलपासारखी ती पितळी बकल मी स्वतः लावली होती, आणि ती घट्ट बसावी म्हणून भोकंही मीच पाडली होती.

आणि शालीची घडी? स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनला मला दहापैकी आठ होते. बूट घट्ट होतो म्हणून आपण आत जाड मोजा घालत नाही. मी तेच केलं होतं. भरती जितकी जास्त, तितकी जागा कमी आणि दाब जास्त. दिवसा बाबांचं कांबळं त्याच सुजलेल्या जागेवर, त्यावर खोगीर, त्यावर तंग. कान पाडणं, दात दाखवणं, उतारावर अडणं... ती दीड महिना एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सांगत होती. उतारावर तर खोगीर पुढे सरकून नेमकं त्या उंचवट्याला भिडतं! बारा वर्षांची सर्व्हिस असलेल्या जनावरानं अचानक वागणं बदललं तर आधी ते दुखतंय का बघायचं, हे साधं डायग्नोसिस. आम्ही मात्र तिला कॅरॅक्टर सर्टिफिकेट देऊन मोकळे झालो.

बाबांना मी सकाळी सांगितलं, "चूक माझी आहे." ते खराऱ्याचा ब्रश साफ करत होते. म्हणाले, "मारलं मी." एवढंच. त्यानंतर या विषयावर आम्ही दोघं बोललो नाही.

कल्याणच्या माणसाला नको म्हणून कळवलं. औषध जवळजवळ काहीच नव्हतं. झूल बंद, खोगीर बंद, सूज पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे निदान तीन आठवडे. आता माथेरानला नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा म्हणजे काय, हे ज्यांनी तिथली गर्दी पाहिलीय त्यांनाच कळेल. त्या आठवड्यावर आमचं पुढचे दोन महिने भागतं. त्या वर्षी बाबा एकट्या शेराला घेऊन नाक्यावर जायचे आणि मी बिजलीला नुसती दोरीनं धरून पॅनोरमा पॉइंटच्या रस्त्यावर चालवायचो. लोक विचारायचे, "घोडा देणार का?" मी म्हणायचो, "सुट्टीवर आहे." माझी सेमिस्टरची फी त्या वेळी मामानं भरली. हे इथे लिहिताना बरं वाटत नाही, पण हिशोबात धरायला हवं.

मला वाटलं होतं, सूज उतरली की घोडी पहिल्यासारखी होईल. कारण काढलं की परिणाम जातो, असं आपल्याला शिकवतात. जानेवारीत सूज उतरली, दुखणं गेलं, मॅडमनी पुन्हा दाबून पाहिलं तर बिजली ढिम्म. पण कापडाची कुठलीही घडी घेऊन जवळ गेलं की कान मागे! आईनं गोठ्याजवळ चादर झटकली तरी कोपऱ्यात. तिला रिसेटचं बटण नव्हतं. मग बाबांनी सुरुवातीपासून सुरू केलं. पहिल्या दिवशी हातरुमाल तिच्या पाठीवर ठेवला, गुळाचा खडा दिला, काढला. आठवडाभर तेवढंच. मग टॉवेल. मग घडीचं पोतं. मग रिकामं खोगीर, तंग न आवळता. बाबा मला फोनवर सांगायचे, "आज टॉवेलला काही म्हणाली नाही." मी प्रॅक्टिकल सोडून बाहेर येऊन ऐकायचो. होळीच्या सुमाराला त्यांनी पहिल्यांदा तिच्यावर माणूस बसवला. माणूस म्हणजे मीच. आधी मला पाडते का बघू, म्हणाले. नाही पाडलं.

खोगीरही बदललं. म्हणजे भरती कमी केली! नेरळच्या कारागिरानं पेंढा काढून दोन्ही बाजूंच्या गाद्या नव्यानं भरल्या, मधून उंचवट्यावर हवा खेळेल एवढी फट ठेवून. आता बाबा खोगीर चढवलं की बोटं घालून बघतात. घोडी उभी असताना एकदा आणि मान खाली असताना एकदा. नाक्यावरच्या इतरांनी आधी टिंगल केली, मग दोघंतिघं तसंच करायला लागले. झूल? ती माझ्या रूमवर आहे, गादीखाली. डी ब्लॉकच्या कॉटची प्लायवूड ज्यांनी अनुभवलीय त्यांना त्याचं मोल कळेल.

उन्हाळ्यात बिजलीचे जुने केस झडून नवे आले, तेव्हा उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके उमटले. दाबानं कातडीतल्या रंगाच्या पेशी मेल्या की तिथले केस पुढे पांढरेच येतात. अख्खी घोडी तांबडी आणि खांद्यावर दोन पांढरे ठिपके. पर्यटकांना ते फार आवडतात, मुलं त्यावर हात फिरवतात. गेल्या मे महिन्यात मी बाबांबरोबर नाक्यावर उभा होतो. एका बाईंनी आपल्या मुलाला बिजलीवर बसवताना कौतुकानं विचारलं, "किती गोड! या खुणा जन्मापासूनच्या आहेत का हो?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तंगाखाली बोटं घालून पाहत म्हणाले, "नाही बाई. इंजिनिअरिंगच्या आहेत."